मुकं अक्षर

मंगळवारी सहाला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
हीटर खोकत असतो आणि मी इंग्रजी शिकवते.
शिकवते म्हणजे काय,
बत्तीस वर्षं मासळीच्या लिलावात आकडे लिहिले,
व्याकरण मला हॅडकच्या काट्याएवढंच ठाऊक :
घशात अडकलं की कळतं.

झोर्याना पुस्तकातलं बोलते, इस्त्री केल्यासारखं.
खाली बेकरीत तिला तसं उत्तर कोणी देत नाही.
म्हणून फळ्यावर लिहिते :
स्कॉटलंडच्या या टोकाला 'येस' कमी, 'आय' जास्त.
तिजानी विचारतो, आय म्हणजे मी ना?
मी पण.
आणि डोळा?
डोळा पण.
तो वहीत तीन आय एकाखाली एक लिहितो
आणि बघत बसतो त्यांच्याकडे,
तिघांतलं खोटं कोण बोलतंय ते शोधत असल्यासारखा.

डिसेंबरात साडेतीनलाच दिवस आवरतो.
मी पुस्तक मिटलं आणि वर्ष कसं संपवायचं ते सांगितलं.
शेगडीतली राख बाहेर. उधारी फेडून टाकायची.
केर बारापूर्वी काढायचा, नंतर काढला तर नशीबही झाडलं जातं.
उम्म हाझेम म्हणाली, हे तर माझी सासू सांगायची,
फक्त तिची रात्र वेगळी होती.
आणि बारानंतर पहिलं पाऊल घरात टाकणारा माणूस
उंच हवा, काळ्या केसांचा,
अनोळखी असला तर फारच उत्तम.
हातात कोळसा आणि मिठाची पुडी.
तांबड्या केसांचा आला तर वर्ष बुडालं,
तसली माणसं पूर्वी समुद्रातून कुऱ्हाडी घेऊन येत, म्हणतात.

एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या.
तिजानी. न्यालाचा. सहा फूट तीन इंच.
त्याने मागे वळून पाहिलं,
आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते.

मग सराव. दार वाजवणे : नॉक.
आधी के लिहायचा, म्हणायचा नाही.
का लिहायचा मग?
मला माहीत नाही रे.
गुडघ्यात असतो, सुरीत असतो, जाणण्यातही असतो.
पूर्वी बोलत असेल. आता नुसता दारात उभा राहतो.
त्याने पेन्सिल खाली ठेवली.
म्हणाला, आमच्याकडे रात्री दार वाजते,
आई दिवा विझवते.
काळ चुकला होता क्रियापदाचा.
मी दुरुस्त केला नाही.

शेजारचा डथी जन्माचा तांबडा.
केस पिकून पांढरे झाले तरी गावाने माफ केलेलं नाही,
दर वर्षी पहिल्या रात्री तो घरातच बसतो.
ऑक्टोबरात त्याने बंदरावरच्या हॉटेलविरुद्ध,
तिजानी राहतो त्याच हॉटेलविरुद्ध,
अर्जावर सही केली होती. पेन माझंच मागून.

एकतीस तारीख. कोळसा आता मिळतो कुठे?
माझ्याकडे एकच तुकडा, अकरा वर्षं तोच,
फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजवर ठेवलेला.
तो मी त्याला आधीच देऊन ठेवला होता.
बारा वाजले. बंदरातल्या बोटींनी भोंगे दिले.
टपालाच्या फटीतून मला त्याचे बूट दिसले,
ओल्या पायरीवर, शेजारी शेजारी.
एक मिनिट. तीन. चार.
नियम असा की तो वाजवणार, मग मी उघडणार.
बूट हलत नव्हते.

तेव्हा मीच वाजवलं. आतून.
माझ्याच दारावर, माझ्याच बोटांनी, दोनदा.
बाहेर शांत.
मग तिकडून, अगदी हळू, दोनदा.

कोळसा टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच
कुंपणापलीकडून डथी, पायात सपाता :
एफी, तुझा तो पोरगा आमच्याकडे येईल का?
त्यालाच विचार, मी म्हटलं.
डथीला विचारायला बराच वेळ लागला.
आय, तिजानी म्हणाला.
तिघांतला कुठला, ते मी विचारलं नाही.

कोळसा परत त्याच्या हातात दिला.
मीठ संपलं होतं, पुडीत साखर बांधली.
डथीला सांगू नका.